पोर्टच्या पिपातली सिंगल माल्ट : चांगली की नुसती गोड, हे ओळखायचं कसं?

पूर्णाकाठ (दर्यापूर) · 4 जून

राम राम मंडळी. प्रश्न थोडा लांबतोय, पण झालं ते सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळायचं नाही.

माझा मावसभाऊ दुबईला असतो. मे महिन्यात लहान बहिणीच्या लग्नाला आला, तेव्हा माझ्यासाठी आठवणीनं एक बाटली घेऊन आला. ग्लेनमोरांजी क्विंटा रुबन, स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की, 14 वर्षांची, 46 टक्के अल्कोहोलची. आधी बर्बनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीच्या पिपात आणि मग पोर्ट वाइनच्या पिपात ठेवलेली. मी वर्षातून चार-सहा वेळा घेणारा माणूस, तेही तालुक्याला मिळते ती साधी. एवढी महागाची वस्तू पहिल्यांदाच हातात आली. लग्नाचा मांडव उतरला, पाहुणे गेले आणि आम्ही दोघं शेतातल्या खोलीवर जाऊन बाटली उघडली. नवतपा चालू होता, वर टिनपत्रे, वेळ दुपारी चारची.

भावाला वास घेताच कौतुक. चॉकलेट येतं, पुदिना येतो, संत्रं येतं, असं तो सांगत होता. मला नाकात झोंबण्यापलीकडे काही आलं नाही. जिभेवर आधी गोड लागलं आणि लगेच जाळ. बोअरचं पाणी टाकलं तर होती ती गोडीही गेली आणि चव चक्क खारट-कडू झाली. मग बर्फ टाकला. पाच मिनिटांत स्टीलच्या गिलासात सगळं गढूळ दिसायला लागलं. भाऊ म्हणाला, "14 वर्षांची आहे, चांगलीच असणार."

मला ते पटलं नाही. चांगलं म्हणायला माझं काही जात नाही, पण जे जिभेला लागलं नाही ते चांगलं कसं म्हणू? त्यानं प्रेमानं आणलेली वस्तू आहे, पाऊण बाटली शिल्लक आहे. ती नीट समजून घ्यावी असं मनापासून वाटतं. पोर्टची व्हिस्की चांगली कशाला म्हणायची, आणि ते माझ्यासारख्याला कसं कळेल? जाणकारांनी सांगावं.

संत्रापट्टा (वरुड) · 4 जून

भाऊ, मी काही मोठा जाणकार नाही, पण दोन वेळा पोर्टवाली चाखली आहे. रंग पाहा. जितका लालसर तितकं पोर्ट चांगलं मुरलेलं, असं मला एकानं सांगितलं होतं. आणि उन्हाळ्यात बर्फाशिवाय जमत नाही आपल्याकडे.

संत्र्याचं मात्र खरं आहे. आमच्याकडे आंबियाचा माल निघाला की घरात साली वाळत पडतात. अर्धवट वाळलेली साल मोडली की जो कडसर-गोड वास सुटतो, तो मला त्या व्हिस्कीत आला होता. ताज्या संत्र्याचा रस शोधाल तर सापडणार नाही, साल शोधा.

जुना ग्रेडर (अकोट) · 5 जून

दर्यापूरकर भाऊ, जे जिभेला लागलं नाही ते चांगलं कसं म्हणू, हे तुमचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. पारख इथूनच सुरू होते.

मी 31 वर्षं जिनिंगमध्ये कापूस पाहिला. आधी बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, आता मेटॅडोर. गाडीवरचा कापूस नेहमी पांढराशुभ्र असतो, पण भाव त्यावर ठरत नाही. बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि मधला मूठभर कापूस काढायचा. ओल पाहायची, कवडी किती, पत्ती किती ते पाहायचं, मग दोन्ही चिमटीत धरून ओढायचं आणि धाग्याची लांबी बोटांनी मोजायची. वरचा आणि आतला कापूस एकसारखा निघाला तर गाडी चांगली. पोर्टच्या पिपातली व्हिस्की मी अशीच पाहतो. पोर्टची गोडी हा गाडीवरचा कापूस आहे. आपल्याला हात आत घालायचा आहे.

माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. सुट्टीला येताना दोन लिटरची जी मुभा असते, तेवढ्यात माझ्यासाठी काही ना काही आणतो. 2012 पासून मी प्रत्येक बाटलीची वहीत नोंद ठेवतो. 57 बाटल्या झाल्या, त्यात पोर्टच्या पिपातल्या 8. क्विंटा रुबन त्यातली एक आहे आणि माझ्या वहीत तिचं पान चांगलं आहे. तुमच्या जिभेत खोट नाही आणि बाटलीतही नाही. ज्या दुपारी तुम्ही चाखली, त्या दुपारी कोणालाच काही कळलं नसतं.

आधी पाण्याचं बोलू, कारण मला ते सगळ्यात जास्त टोचलं. तुमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे आणि जमिनीतलं पाणी खारं आहे. माझी सासुरवाडी त्याच पट्ट्यातली, त्यामुळे मला हे पाणी ठाऊक आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाला वेगळीच चव येते. आणि ते तुम्ही 14 वर्षं जपलेल्या वस्तूत ओतलं! तो खारट-कडूपणा तुमच्या बोअरचा होता. नळाला शहानूर धरणाचं पाणी येत असेल तर ते उकळा, रात्रभर पातेल्यात उघडं ठेवा म्हणजे क्लोरिनचा वास निघून जातो, आणि ते वापरा. नाहीतर आरओच्या कॅनचं घ्या. पावसाळा तोंडावर आहे. दोन-तीन सरींनी पत्रे धुऊन निघाले की पुढच्या सरीचं पाणी स्वच्छ भांड्यात धरून, गाळून, उकळून ठेवलंत तर त्याहून चांगलं काही नाही.

दुसरं, ऊन. स्कॉटलंडमधली माणसं खोलीच्या तापमानाला चाखा म्हणतात तेव्हा त्यांची खोली 18-20 अंशांची असते. तुमची खोली त्या दुपारी 43 च्या खाली नसेल. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल आधी उडतं आणि थेट नाकात घुसतं. त्याच्या मागे जे बारीक वास असतात त्यांना नाकापर्यंत वाटच मिळत नाही. बर्फ टाकला की उलटं होतं, सगळे वास गोठून खाली बसतात आणि जीभ बधिर होते. वरुडच्या भावांचं उन्हाळ्याचं दुखणं मला समजतं, पण पारख करायच्या दिवशी बर्फ नको. बाटलीच अर्धा तास माठाच्या पाण्यात उभी करून ठेवा, तेवढा गारवा पुरतो.

गढूळ झाली म्हणून घाबरू नका. 46 टक्क्यांची ही व्हिस्की थंड करून गाळलेली नसते, त्यामुळे तिच्यात बार्लीतून आणि पिपातून आलेले स्निग्ध अंश शिल्लक असतात. बर्फानं आणि पाण्यानं ते बाहेर दिसू लागतात, तेवढंच.

स्टीलचा गिलास मात्र नको. तळ पसरट आणि तोंड अरुंद असं काचेचं काहीतरी हवं, म्हणजे वास आत कोंडून राहतो. ट्यूलिपच्या आकाराचे खास गिलास मिळतात. ते आणायच्या आधी मी कितीतरी वर्षं मधाची लहान काचेची बाटली खाण्याच्या सोड्यानं धुऊन वापरत होतो.

आता मुद्द्याचं. पोर्ट म्हणजे काय, हे कळल्याशिवाय पोर्टचं पीप काय देतं ते कळत नाही. पोर्तुगालमध्ये डोरो नदीचं खोरं आहे, तिथली ही वाइन. त्या खोऱ्याची हद्द 1756 सालीच आखून दिलेली आहे. द्राक्षाचा रस आंबत असतो तेव्हा मध्येच त्यात 77 टक्क्यांचं द्राक्षाचं मद्य ओततात. आंबवणारं यीस्ट मरतं आणि रसातली उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते आणि 20 टक्क्यांच्या आसपास कडकही. तिच्या मोठ्या पिपाला तिकडे पाइप म्हणतात, साधारण 550 लिटरचं. बर्बनचं पीप 200 लिटरचं असतं. पोर्ट काढून घेतली तरी ओकच्या फळ्यांमध्ये ती मुरलेली राहते. आत व्हिस्की भरली की ती फळी आपल्यातलं सोडते, रंग देते, सुक्या फळांचा वास देते आणि थोडा तुरटपणाही देते. द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा म्हणा, जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येतो तसा.

ही उसनी घेतलेली चव आहे. त्यात वाईट काही नाही. आंब्याची फोड गुळाच्या पाकात टाकतोच की आपण. पण सहा महिन्यांनी बरणी उघडल्यावर पाक वेगळा आणि फोड वेगळी लागली तर तो मुरांबा झाला म्हणायचा का? फोड चावल्यावर आंबाही लागला पाहिजे आणि गूळही आतून आला पाहिजे. पोर्टच्या व्हिस्कीत हेच पाहायचं असतं.

एकदा मुलानं एक बाटली आणली होती, नाव लिहीत नाही. रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा, घरात सगळे पाहत राहिले. वास घेतला तर खोकल्याच्या औषधासारखा दाट गोड. पहिला घोट जिभेवर ठेवला तेव्हा वाटलं, वा! मग मनात दहा आकडे मोजले. गोडी सरकली आणि खाली काहीच नव्हतं. मध्ये मोठी पोकळी, आणि तिच्या पलीकडे कच्च्या स्पिरिटचा जाळ आणि ओल्या लाकडाचा कडूपणा. चमचाभर पाणी घातलं तर गोडीसुद्धा फाटली. वरचा थर पांढरा आणि आतून ओला निघालेली गाडी. तेव्हापासून मी रंगाला मार्क देत नाही. संत्रापट्टा भाऊ, राग मानू नका, पण लालसर रंगानं एवढंच कळतं की पीप ताजं आणि पोर्टनं भिजलेलं होतं. व्हिस्की चांगली की नाही हे त्यावरून कळत नाही. शिवाय स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्यानं परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हेही गृहीत धरू नये.

तुम्ही असं करा. थंडी पडू द्या. रात्री जेवणाआधी, तोंडात खर्रा, पान, कांदा काही नको. 30 मिली घ्या, जास्त नको. दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. मग गिलास हनुवटीपाशी धरा आणि हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. नाक आत खुपसू नका. पहिल्यांदा येईल तो पोर्टचा वास. तो ओळखून बाजूला ठेवा आणि पुन्हा वास घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्याच्या मागे काय आहे ते शोधा.

मागे काय असायला हवं? जव. बार्ली म्हणजे आपला जवच. तो भिजवून, मोड आणून, वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. एकाच डिस्टिलरीत नुसत्या या माल्टपासून केलेली ती सिंगल माल्ट. त्या धान्याचा वास राहिला नाही तर मग ती कशापासून केली याला अर्थ काय उरला? फाल्गुनात शेतात गव्हाच्या ओंब्या भाजतो, हातावर चोळून फुंकतो, त्या वेळी तळहाताला जो वास राहतो तो आठवा. तसं काहीतरी, अगदी पुसट का होईना, पोर्टच्या मागे सापडलं पाहिजे.

मग छोटा घोट. लगेच गिळू नका, जिभेवर फिरवा, दहा मोजा. गोडी गेल्यावर काय येतं इकडे सगळं लक्ष द्या. एक चव जाताना दुसरीचा हात धरून जाते, की मध्ये खड्डा पडतो? गिळल्यावर किती वेळ टिकते, आणि टिकते ती चव आहे की नुसती आग? त्यानंतर मेडिकलमधून आणलेल्या नव्या सिरिंजनं मोजून पाणी. आधी 2 मिली, पुन्हा चाखा. मग आणखी 3. 30 मिलीत 5 मिली पाणी गेलं की 46 ची साधारण 39 टक्के होते. चांगली व्हिस्की या पाण्यानं उघडते, आधी न दिसलेलं काहीतरी दाखवते. झाकलेली असेल तर पाण्यानं तिचं पांघरूण निघतं.

शेवटची परीक्षा सकाळची. संपलेला गिलास न धुता रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि गिलासाच्या तळाशी जे खरोखर होतं तेवढंच उरतं. नुसता साखरेचा चिकट वास राहिला तर समजा पोर्टनं झाकलं होतं. धान्य, लाकूड, सुकं फळ असं एकत्र राहिलं तर आतपर्यंत मुरलेली आहे.

तोवर बाटली टिनाच्या खोलीतून आजच घरात आणा. धान्याच्या कोठीमागे, अंधारात, उभी ठेवा. आडवी ठेवू नका, बूच खराब होतं.

पूर्णाकाठ (दर्यापूर) · 5 जून

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पाण्याचं वाचून जिवाला लागलं. बोअरचं पाणी कितीदा मोजलेलं आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) 1900 च्या वर जातो, आणि आम्ही ते पिण्याला वापरतच नाही. खोलीवर दुसरं काही नव्हतं म्हणून तेच टाकलं. बाटली घरात आणून ठेवली.

एक अडचण आहे. बाटलीच्या खोक्यावर आणि इंटरनेटवर जी फळं लिहिलेली असतात, प्लम, फिग, ब्लॅककरंट, त्यातली बरीचशी मी खाल्लेलीच नाहीत. मग ती ओळखू कशी?

मोहफूल (देवरी) · 6 जून

भाऊ, ह्या अडचणीवर मी बोलू शकतो. आम्ही गोंदिया जिल्ह्यातले, जंगलालगतचे. मार्च-एप्रिलमध्ये आई, बहीण, सगळे पहाटे टोपल्या घेऊन मोहाखाली असायचो. ताजं फूल ओलसर, टपोरं, त्याचा वास दुधट-गोड. अंगणात वाळायला टाकलं की दोन दिवसांत ते मनुक्यासारखं सुरकुततं आणि वास पूर्णपणे बदलतो. दाट होतो, थोडा आंबूस, थोडा गुळचट, थोडा चामड्यासारखा. मी नागपूरला नोकरीत असताना पहिल्यांदा पोर्टच्या पिपातली व्हिस्की चाखली, तेव्हा बाकीचे मनुका म्हणत होते. मी म्हणालो, सुकलेलं मोहफूल. कोणाला कळलं नाही, पण मला माझी वस्तू सापडली होती.

तुम्ही फिग शोधू नका. आपल्या जिभेनं लहानपणापासून जे खाल्लं तेच शोधा. पिकलेलं टेंभरू, वाळलेलं बोर, चारोळी, जांभूळ, करवंद. ब्लॅककरंट खाल्लेल्या माणसाला ते आठवतं, आपल्याला करवंद आठवेल, आणि त्यात खोटं काही नाही.

जुना ग्रेडर (अकोट) · 6 जून

देवरीच्या भावांनी लाखातलं सांगितलं. माझ्या वहीत क्विंटा रुबनच्या पानावर मी लिहिलेलं जसंच्या तसं देतो: "सुकं बोर, संत्र्याची साल, चिखलदऱ्याच्या कॉफीची पूड, शेवटी विड्याच्या पानासारखा गारवा." मावसभाऊ ज्याला चॉकलेट म्हणाले ते माझ्याकडे कॉफी झालं, आणि त्यांचा पुदिना माझ्याकडे पान. आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत. परक्या फळाचं नाव पाठ करून लिहिलं की मात्र माणूस चाखणं सोडून वाचायला लागतो.

सेलूकर (वर्धा) · 8 जून

आमच्या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे माझं चाखणं अमरावतीच्या भावाकडे गेलो तरच. तिथे एकदा टॉनी पोर्टच्या पिपातली मिळाली होती. ती अजिबात लालसर नव्हती आणि करवंद-जांभूळ असं काही लागलं नाही, भाजलेल्या शेंगदाण्यासारखं आणि जळक्या साखरेसारखं लागलं. मग रुबी आणि टॉनीत एवढा फरक का? आणि आपल्या देशात पोर्टच्या पिपातली कोणी करतं का?

जुना ग्रेडर (अकोट) · 8 जून

सेलूकर, तुमचं बरोबर आहे, त्या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. रुबी पोर्ट मोठ्या टाक्यांत थोडीच वर्षं ठेवतात, हवा फार लागू देत नाहीत, म्हणून फळ ताजं राहतं. टॉनी लहान लाकडी पिपांत कितीतरी वर्षं राहते, लाकडातून हवा लागत जाते, लाल रंग उतरून तांबूस-पिवळा होतो आणि फळाच्या जागी सुकामेवा, जळकी साखर येते. ज्या पिपात जे होतं तेच व्हिस्कीत उतरतं. म्हणून लेबलवर नुसतं पोर्ट लिहिलेलं असेल तर मी कोणतं पोर्ट ते शोधतो. टॉनीची बाटली रुबीच्या अपेक्षेनं चाखली की तिच्यावर अन्याय होतो.

आपल्याकडे बंगळूरच्या अमृतची पोर्टोनोव्हा आहे. तिची रीत मला फार आवडते. आधी नव्या ओकच्या आणि बर्बनच्या पिपात, मग पोर्टच्या पाइपमध्ये, आणि तिथून पुन्हा बर्बनच्या पिपात. म्हणजे पोर्टला शेवटचा शब्द देत नाहीत. 62.1 टक्क्यांची आहे, तिला पाणी घातलंच पाहिजे. वर्षांचा आकडा पाहून आपल्याकडच्या माल्टला कमी लेखू नका. स्कॉटलंडमध्ये पिपातली वर्षाला 2 टक्क्यांच्या आसपास उडून जाते, बंगळूरला 10 टक्क्यांच्याही वर. उष्ण हवेत लाकूड आणि व्हिस्की यांची देवाणघेवाण लवकर होते. आपल्याकडे 14 वर्षं ठेवली तर पिपात काय उरेल!

पूर्णाकाठ (दर्यापूर) · 21 डिसेंबर

मंडळी, सहा महिन्यांनी जुना धागा वर काढतोय. कापसाची दुसरी वेचणी उरकली, हरभऱ्याला निंदण झालं, आणि काल रात्री थंडी चांगली होती. घरात 19 अंश. काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. ऑगस्टमधल्या सरीचं पाणी धरून, उकळून, काचेच्या बाटलीत ठेवलेलं होतं. गिलास मधाच्या बाटलीचा.

पंधरा मिनिटं हात लावला नाही. मग वास घेतला. पहिल्यांदा गोड आणि दाट आलं, मला ते काकवीच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं वाटलं. ते बाजूला ठेवून पुन्हा घेतला. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी संत्र्याची साल आली, अर्धी वाळलेली. वरुडच्या भाऊंनी लिहिलं नसतं तर मी रस शोधत बसलो असतो आणि ती निसटली असती.

घोट घेऊन दहा मोजले. सहापर्यंत गोड होतं. सातव्या आकड्याला गोडी उतरायला लागली आणि मी खड्ड्याची वाट पाहत होतो, तर तिथून कडवट असं काहीतरी वर आलं. आईनं खोबरं भाजताना जरा जास्त लाल केलं की येते तशी कडवट चव, आणि ती येईपर्यंत गोडी पूर्ण गेलेली नव्हती. दोघी थोडा वेळ सोबत होत्या. मग तुरट, मग घशात गारवा. मे महिन्यात मला यातलं एकही लागलं नव्हतं. बाटली तीच आहे, माणूसही तोच.

2 मिली पाण्यानं संत्रं जवळ आलं. 5 मिलीला गोडी कमी झाली आणि लाकूड पुढे आलं, तिथे मला जरा पातळ वाटली. माझ्या जिभेला 2 मिलीच बरं. पुदिना मला आजही सापडला नाही, गारवा सापडला. ओंब्यांचा वास मात्र पुष्कळ शोधला आणि सापडला नाही, तेवढ्याची रुखरुख घेऊन गिलास ओट्यावर ठेवला आणि झोपलो.

सकाळी सौ. भांडी आवरत होती. तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि तिला या वस्तूचा वाससुद्धा चालत नाही. तिनं तो मधाचा गिलास उचलला, हुंगला आणि मला विचारलं, "अहो, यात ओंब्यासारखा वास कशाचा येतो? गहू तर आत्ता कुठं पेरला."

मी घेऊन पाहिला. खरंच होता. तळाशी, अगदी पुसट, आणि त्याच्या बाजूला सुक्या बोराचा. चिकट साखर नव्हती.

वहीचं पहिलं पान आज लिहिलं, तिचं वाक्य तारखेसकट. मावसभाऊ संक्रांतीला येतोय. त्याला याच डिस्टिलरीची पोर्टच्या पिपात न गेलेली, नुसती बर्बनच्या पिपातली साधी बाटली आणायला सांगितली आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहायच्या आहेत, म्हणजे यातलं पोर्टचं किती आणि मूळचं किती ते कळेल. काका, दोन्ही एकाच रात्री चाखू, की एक आज आणि एक उद्या?

जुना ग्रेडर (अकोट) · 21 डिसेंबर

एकाच रात्री, 15-15 मिली. साधी आधी, पोर्टची नंतर. उलटं केलंत तर गोडीनंतर साधी फिकी लागेल. आणि दोन्ही गिलास रात्री ओट्यावर ठेवा, खाली खूण करून. सकाळी वहिनींना विचारा कोणता कोणता ते, आणि त्या काय म्हणाल्या ते इथे जसंच्या तसं लिहा.